सोलापूर ते सॅन फ्रान्सिस्को : किलोमीटर आणि तास

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळापासून सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळापर्यंतचे अंतर, पृथ्वीच्या गोलावर सर्वांत जवळच्या वाटेने मोजले, तर सुमारे १३,६०० किलोमीटर भरते. ताशी ९०० किलोमीटर वेगाने उडणाऱ्या विमानाला हे अंतर पंधरा तासांत कापता यावे. जुळे सोलापुरातल्या किंवा भवानी पेठेतल्या घरातून निघालेल्या माणसाला मात्र मुलाच्या दारात पोचायला तीस तास सहज लागतात, कधी चाळीसही. मधले हे तास कुठे जातात आणि त्यांतले किती वाचवता येण्यासारखे आहेत, हा या पुस्तकाचा विषय आहे.

सोलापुरात हा विषय आता घराघरातला झाला आहे. इथल्या चादरी आणि टॉवेल परदेशी जातात त्याला फार वर्षे झाली. माणसे मोठ्या संख्येने जाऊ लागली ती त्यानंतर. इंजिनीअर झालेली मुले आधी पुणे, बेंगळुरू, हैदराबाद गाठतात आणि तिथून पुढे कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यू जर्सी. मागे राहिलेले आईवडील साठी-सत्तरीत पहिल्यांदा विमानात बसतात, तेही एकदम सोळा तासांसाठी. बॅगेत शेंगाचटणी, कडक भाकरी आणि एक चादर भरून झाली की त्यांचे प्रश्न सुरू होतात. विमान इतके तास कुठेच थांबत नाही का? जाताना जास्त वेळ आणि येताना कमी, असे का? तिकडून शनिवारी निघालेला माणूस इथे सोमवारी कसा उतरतो? प्रश्न साधे आहेत, पण त्यांना निवांत बसून उत्तर देणारे कुणी भेटत नाही. एजंट भाडे सांगतो, मुले फोनवर घाईत असतात.

या प्रश्नांच्या मागे लागल्यावर एक गोष्ट मला पक्की दिसली. दोन विमानतळांमधले किलोमीटर पृथ्वीच्या आकाराने ठरलेले आहेत, त्यात कुणाचे काही चालत नाही. तास मात्र बऱ्याच अंशी माणसे ठरवतात. कोणत्या देशाने आपले आकाश बंद केले, धावपट्टीच्या वाटेत काय उभे राहिले, पुढचे विमान किती वाजता ठेवले, यावर ते अवलंबून असतात. सोलापूरकराचा वेळ आकाशात फारसा वाया जात नाही. तो मुंबईच्या किंवा हैदराबादच्या रस्त्यावर आणि विमानतळावरच्या खुर्च्यांत जातो.

आधी किलोमीटरांचे बघू. शाळेच्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशात सोलापूर आणि सॅन फ्रान्सिस्को पट्टीने जोडले, तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेत शिरते. म्हणून आपल्याला वाटते की अमेरिका पश्चिमेला आहे. आता घरातल्या मुलांचा पृथ्वीगोल घ्या. दोऱ्याचे एक टोक सोलापूरवर धरा, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. तो पश्चिमेला जातच नाही. जवळजवळ सरळ उत्तरेला, किंचित पूर्वेकडे कलून निघतो, हिमालय, तिबेट आणि सायबेरिया ओलांडत ७३-७४ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. भूगोलात या वाटेला बृहद्वृत्ताची वाट म्हणतात. गोलावर याहून जवळची वाट नाही. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर असल्यामुळे कोणतीही दोन ठिकाणे एकमेकांपासून २०,००० किलोमीटरपेक्षा दूर असूच शकत नाहीत. सोलापूरच्या बरोबर पायाखालची, म्हणजे पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूची जागा दक्षिण प्रशांत महासागरात येते, ईस्टर बेटाच्या ईशान्येला सुमारे बाराशे किलोमीटरवर. तिथे पाण्याशिवाय काही नाही. त्या मानाने कॅलिफोर्निया जवळ म्हणायचे.

हे गोलाचे गणित आपल्या मुलखाला परके नाही. इ.स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ ११५० मध्ये पुरा केला. त्याच्या ‘गोलाध्याय’ या भागात पृथ्वी गोल असूनही सपाट का दिसते, याचे कारण दिले आहे. परिघाचा अगदी लहान भाग माणसाच्या दृष्टीस पडतो आणि तेवढा भाग सपाटच भासतो. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला राहणारी माणसे खाली पडत नाहीत, हेही त्यांनी समजावले आहे. पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात हा भाग सविस्तर घेतला, त्याला आणखी एक कारण आहे. जुने ज्योतिषी रेखांश मोजताना उज्जैनीतून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा मुख्य धरत, आज आपण ग्रिनिचची धरतो तशी. ही रेषा खाली दक्षिणेकडे वाढवली, तर ती सोलापूर शहराच्या पश्चिमेला सुमारे पंधरा किलोमीटरवरून जाते. उज्जैन आणि सोलापूर यांच्या सूर्यमाध्यान्हात अर्ध्या मिनिटाचाच फरक पडतो. जुन्या भारतीय हिशेबाने सोलापूर जवळजवळ शून्य रेखांशावर वसले आहे, आणि माझ्या मते इथल्या प्रत्येक शाळेत हे शिकवले गेले पाहिजे.

विमान मात्र ताणलेल्या दोऱ्यावरून जात नाही. तिबेटचे पठार इतके उंच आहे की विमानातला हवेचा दाब गेला तर प्रवाशांना श्वास घेता येईल इतक्या खाली उतरायला तिथे जागाच नसते. म्हणून विमान कंपन्या तो टापू शक्यतो टाळतात. दुसरे कारण राजकारणाचे. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २०१९ मध्ये पाकिस्तानचे आकाश काही महिने बंद होते आणि १६ जुलैला उघडले. एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला आणि इंधनासाठी वाटेत उतरण्याची वेळ आली. मुंबईहून निघणारे विमान अरबी समुद्रावरून जाऊ शकते, त्यामुळे त्याला झळ कमी बसते. रशियाचे आकाश २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झाले, भारतीय कंपन्यांना नाही. एकाच दोन शहरांमधला प्रवास कंपनी बदलली की लांबतो किंवा आखडतो, तो यामुळेही.

तिसरे कारण वाऱ्याचे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात, हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. मुंबईहून न्यू यॉर्कला, म्हणजे साडेबारा हजार किलोमीटर, जाताना हा वारा समोरून येतो आणि सोळा तासांच्या आसपास लागतात. येताना तोच पाठीशी असतो, दीड-दोन तास वाचतात. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून हा फरक पडतो, अशी समजूत मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडूनही ऐकली आहे. तसे नाही. हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत उडते. फरक पडतो तो वाऱ्याचा.

९ जानेवारी २०२१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून एअर इंडियाचे विमान बेंगळुरूला निघाले. कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी, सगळ्या महिला वैमानिक, उत्तर ध्रुवाच्या वाटेने, सरळ मोजले तर सुमारे चौदा हजार किलोमीटर अंतर, उडून आल्या. विमान तिथे शनिवारी रात्री सुटले आणि इथे सोमवारी पहाटे उतरले. हवेत सतराच्या आसपास तास गेले, कॅलेंडरावरचा रविवार मात्र जवळजवळ सगळा वाटेतच सरला. आईवडिलांना गोंधळात टाकणारा शनिवार-सोमवारचा प्रश्न हाच. हिवाळ्यात सोलापूर आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या घड्याळांत साडेतेरा तासांचे अंतर असते, उन्हाळ्यात साडेबारांचे, कारण तिकडे मार्च ते नोव्हेंबर घड्याळ एक तास पुढे करतात. उन्हाळ्यात हिशेब सोपा पडतो. आपल्या घड्याळातून अर्धा तास वजा करायचा आणि सकाळची रात्र करायची. इथे सकाळचे नऊ, तर तिथे आदल्या रात्रीचे साडेआठ. फोन करायला ही वेळ चांगली.

वेळापत्रकातले तास म्हणजे निव्वळ उडण्याचे तास नव्हेत. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा वेळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, वर चढणे, खाली उतरणे हे सगळे त्यात आले. मोठ्या जेट विमानासाठी ढोबळ हिशेब असा धरावा : किलोमीटरांना ८५० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. मुंबई-सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा हजार किलोमीटर, म्हणजे साडेसोळा तासांच्या आसपास. सोलापूर-मुंबई हवेतून सुमारे ३६० किलोमीटर, म्हणजे तासाच्या आत. पंख्याच्या लहान विमानासाठी ८५० ऐवजी ५०० धरा. गोव्याचे मोपा सोलापूरपासून तीनशे किलोमीटर आहे, तेव्हा तासाला थोडे वर. वाऱ्याचा आणि वळशाचा फरक सोडला तर हा हिशेब फारसा चुकत नाही.

आजच्या या तासांची खरी किंमत कळायला दोन सोलापूरकरांकडे पाहावे लागते. एका वर्षाच्या अंतराने दोघांनी हाँगकाँगच्या दिशेचा प्रवास केला, एकाने इकडून आणि दुसऱ्याने तिकडून. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म सोलापुरात १९१० साली झाला. सप्टेंबर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर ते मुंबई बंदरातून बोटीने चीनला निघाले. ग्वांगझौला पोचायला अडीच आठवडे लागले आणि येनानला पोचेपर्यंत १९३९ चा फेब्रुवारी उजाडला. आज मुंबई ते हाँगकाँग हे सुमारे ४,३०० किलोमीटरचे अंतर सहा तासांत कापले जाते. सोलापुरात वडील गेल्याची बातमी त्यांना चीनमध्येच कळली. ते परतले नाहीत, रुग्णांपाशी राहिले, आणि डिसेंबर १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. परदेशी असलेल्या मुलाला आईवडिलांच्या शेवटच्या क्षणी पोचता येईल का, हा प्रश्न आज प्रत्येक घराच्या मनात असतो. त्या काळी तो विचारण्यातही अर्थ नव्हता. आज तो विचारता येतो, म्हणूनच एकेका तासाचा हिशेब मांडायचा.

दुसरे वालचंद हिराचंद. जन्म सोलापूरचा, १८८२ चा. १९१९ मध्ये ‘लॉयल्टी’ हे जहाज इंग्लंडला पाठवून त्यांनी परकीय जहाज कंपन्यांची मक्तेदारी अंगावर घेतली, हे सर्वांना ठाऊक आहे. १९३९ मध्ये ते अमेरिकेहून परतताना सॅन फ्रान्सिस्कोहून प्रशांत महासागर ओलांडणाऱ्या पॅन अमेरिकन कंपनीच्या क्लिपर विमानात बसले. पाण्यावर उतरणारी ही विमाने होनोलुलू, मिडवे, वेक, ग्वाम, मनिला अशी बेटाबेटावर थांबत जात. १९३५ मध्ये मनिलापर्यंतची त्यांची पहिली टपालफेरी सुमारे तेरा हजार किलोमीटरची झाली. तिला आठवडाभर लागला, त्यात नुसते उडण्याचे साठ तास होते. वालचंदांना त्या प्रवासात विल्यम पॉली नावाचा विमानधंद्यातला अमेरिकी माणूस भेटला. त्या लांबलचक प्रवासातल्या बोलण्यातून भारतात विमानांचा कारखाना काढण्याचे ठरत गेले आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साथीने बेंगळुरूला ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ उभी राहिली. आजची एचएएल ती हीच. देशातला विमानांचा पहिला कारखाना काढणाऱ्या माणसाच्या गावाला टिकणाऱ्या विमानसेवेसाठी पुढे ऐंशीहून अधिक वर्षे ताटकळावे लागले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्या ताटकळण्याचा इतिहास पुस्तकात एका पूर्ण प्रकरणात आहे. आगगाडी सोलापुरात १८६० मध्येच आली होती. विमानाचे तसे झाले नाही. किंगफिशरची विमाने काही काळ मुंबईला जात होती, ती बंद पडली. २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेच्या पहिल्या यादीत नांदेड, नाशिक, जळगाव आणि कोल्हापूर यांच्याबरोबर सोलापूरचे नाव होते. त्या चारही गावांची विमाने २०१७-१८ मध्ये उडाली, आपले राहिले. विमानतळाजवळच्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या वीजप्रकल्पाची नव्वद मीटरच्या आसपास उंचीची चिमणी उतरण्याच्या वाटेत येत होती. विमान सहसा तीन अंशांच्या उताराने खाली येते, म्हणजे धावपट्टीपासून एक किलोमीटरवर त्याची उंची जेमतेम पन्नास मीटर उरते. म्हणून धावपट्टीच्या आसपास कुठे किती उंच बांधायचे याचे कडक नियम आहेत. कारखान्याशी हजारो ऊस उत्पादकांचे पोट जोडलेले, शहराच्या भवितव्याशी विमानतळ जोडलेला. वर्षानुवर्षे मोर्चे, खटले, उपोषणे चालली. १५ जून २०२३ रोजी महापालिकेने ती चिमणी पाडली. शेतकऱ्यांचा राग मला समजतो. इतक्या उशिरा आणि इतक्या कटुतेने सुटणारा प्रश्न मुळात बांधकाम सुरू होण्याआधी, कागदावरच सुटायला हवा होता.

२९ सप्टेंबर २०२४ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. ९ जून २०२५ पासून फ्लाय ९१ चे गोव्याचे विमान सुरू झाले आणि १५ ऑक्टोबर २०२५ रोजी स्टार एअरचे मुंबईचे. योगायोग असा की १५ ऑक्टोबर हीच तारीख १९३२ ची. जे. आर. डी. टाटांनी त्या दिवशी कराचीहून टपाल घेऊन आपले छोटे विमान मुंबईला उतरवले होते, आणि भारतातल्या विमानसेवेची सुरुवात तिथून धरतात.

आता बेरीज करू. सोलापूरहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने किंवा गाडीने मुंबईचा विमानतळ गाठायला आठ तास धरा. रेल्वेने मुंबई ४५५ किलोमीटर आहे. २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारतसुद्धा साडेसहा तास घेते. विमानतळावर चार तास, कारण तीन तास आधी या असे सांगतात आणि रस्त्याचा भरवसा नसतो म्हणून घरचे आणखी एक तास धरतात. थेट विमान मिळाले तर त्यात सतरा, उतरल्यावर रांग, सामान आणि मुलाच्या घरापर्यंतचा रस्ता मिळून दोन. एकतीस झाले. पहिल्या आठ तासांत ३६० किलोमीटर सरकलो, पुढच्या सतरा तासांत साडेतेरा हजार. काही कुटुंबे हैदराबाद धरतात, तिथेही पुणे-हैदराबाद महामार्गाने पाच-सहा तास मोडतात. मध्ये आखातात किंवा युरोपात विमान बदलले तर चाळीसचा आकडा दूर नाही. गुडघे दुखणाऱ्या सत्तरीतल्या बाईला आकाशातले सतरा तास जड जात नाहीत. तिथे बसायला जागा असते, जेवण येते, स्वच्छतागृह जवळ असते. तिला जड जाते ती मुंबईपर्यंतची रात्र आणि सामान ओढत केलेली पायपीट.

सोलापूर-मुंबई विमानाने हे आठ तास तीनवर येऊ शकतात, पण त्यासाठी वेळा जुळाव्या लागतात. अमेरिकेची बरीच विमाने मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. सोलापूरचे विमान दुपारी मुंबईत उतरले तर वाचवलेले तास तिथल्या खुर्चीत परत द्यावे लागतात. दोन वेगळी तिकिटे काढली आणि पहिले विमान उशिरा पोचले, तर पुढचे हुकलेले तिकीट प्रवाशाच्या माथी येते. सामानही मुंबईत घेऊन पुन्हा द्यावे लागते. एकच तिकीट असेल तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. आणखी एक अडचण आपल्या उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि त्याच लांबीच्या धावपट्टीवरून विमानाला कमी वजन घेऊन उडावे लागते. दुपारपेक्षा सकाळची किंवा संध्याकाळची वेळ यासाठीही बरी.

पुस्तकातल्या तक्त्यांत सोलापूर, मुंबई, पुणे आणि हैदराबाद यांपासून जगातल्या मोठ्या विमानतळांची अंतरे दिली आहेत. ती निर्धास्तपणे वापरा. तासांचे आकडे मात्र अंदाजाचे आहेत. मार्ग सुरू होतात, बंद पडतात, ऋतूप्रमाणे वेळा बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या महिन्याचे वेळापत्रक पाहावे. पहिल्यांदा जाणाऱ्या ज्येष्ठांनी तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मागणी नोंदवावी, औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत आणि विमानात दर दोन तासांनी उठून चार पावले चालावे.

विमान कंपन्यांना आणि सोलापूरच्या लोकप्रतिनिधींना माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. मुंबईला जाणारे संध्याकाळचे एक विमान रात्रीच्या परदेशी विमानांशी जुळेल अशा वेळेला ठेवा, आणि होटगी रस्त्यावर दिलेली बॅग थेट सॅन फ्रान्सिस्कोला, न्यू यॉर्कला, लंडनला मिळेल असे एकच तिकीट सोलापूरकराला काढता येऊ द्या.